शोभाताईंची टाळी

शोभाताई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी टाळी वाजवायच्या. चप्पल दाराशी काढायची, पर्स खांद्यावर तशीच, आणि हॉलच्या मधोमध उभं राहून एकच खणखणीत टाळी. मग मान तिरकी करून ऐकत राहायच्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. टाळीचा आवाज भिंतींवरून परत आला की त्या तोंड वाकडं करायच्या. "खोली मोकळी हाय. हितं कितीबी भारी पेटी आणा, डब्यात तोंड घालून बोलल्यावानी ऐकू येणार." पेटी म्हणजे स्पीकर. उभा जन्म त्याच धंद्यात गेला, पण स्पीकर हा शब्द काही त्यांच्या तोंडात बसला नाही.

त्या मूळच्या मंद्रूपच्या. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या वर्गात एवढी एकच मुलगी. पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं, "शिवणकामाचा वर्ग पलीकडे आहे." ही गोष्ट ताई हजार वेळा सांगायच्या आणि दर वेळी आधी स्वतःच हसायच्या. "मी म्हणलं, सर, मीबी शिवणारच हाय की. पर वायरी." सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खटखटाटात, त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. फोन उचलला की "जय भीम, बोला," आणि पलीकडचा माणूस किंमत विचारायला लागला की लगेच उलटा प्रश्न, "ते ऱ्हाऊ द्या. ऐकणार कोण?"

या प्रश्नापायी त्यांनी किती गिऱ्हाइकं घालवली असतील कोण जाणे. एकदा मंगळवेढ्याचा एक व्यापारी आला होता. नवीन बंगला, पैसा भरपूर, त्याला सगळ्यात मोठं होम थिएटर हवं. ताईंनी विचारलं, ऐकणार कोण? तो ऐटीत म्हणाला, "सगळ्या गल्लीनं ऐकलं पाहिजे!" ताई म्हणाल्या, "मग मांडव घाला की दारात. घरात कशाला ठेवता?" तो तरातरा निघून गेला. मी तिथंच बाकावर बसलो होतो. म्हटलं, ताई, कशाला बोललात? तर म्हणाल्या, "धडामधुडूम काय, कुणालाबी ऐकू येतं. बोललेलं कळलं पायजे. पैसा त्याचा असतो."

आता मी त्या बाकावर का बसलो होतो ते सांगतो. मी कॉलेजात कारकून. त्या वर्षी पगाराच्या फरकाचे पन्नास हजार एकदम हातात आले. बायकोचं म्हणणं, स्वयंपाकघराला टाइल्स लावू. माझ्या मनात मात्र एकच होतं, नायनांसाठी होम थिएटर. आम्ही घरात तेलुगू बोलणारी माणसं, वडिलांना नायना म्हणतो. नायनांनी चाळीस वर्षं चादरीचे माग चालवले. लहानपणी दर सुट्टीला ते मला सिनेमाला न्यायचे आणि भिंतीवरच्या स्पीकरखालची खुर्ची पकडायचे. बाहेर आल्यावर घरापर्यंत गोष्ट पुन्हा सांगायचे, ती सिनेमापेक्षा झकास असायची.

पण मी नोकरीला लागलो, माग चालवायला कुणी उरलं नाही, आणि शेवटी मीच ते विकायला लावले. पुढं आई गेली. त्यानंतर नायना गप्पच झाले. आतून हाक मारली तर ओ नाही. टीव्ही लावायचे तो आवाज बंद करून. पद्मा, माझी बायको, सासऱ्यांना मामा म्हणते; ती म्हणायची, "मामा रुसलेत." मला कारण पक्कं ठाऊक होतं. माग विकल्याचा राग. तोंडानं काढायचा नाही आणि मनातून जाऊ द्यायचा नाही. मला बाप परत हवा होता, आणि खरं सांगायचं तर तो पन्नास हजारांत मिळेल असं मला वाटत होतं.

मी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून यादी केली होती. पाच स्पीकर, एक मोठा बूम वाजणारा खोका, इतके वॅट, तितके वॅट. रविवारी सकाळी शोभाताई घरी आल्या, तर मी यादी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती न वाचता पर्समध्ये टाकली आणि टाळी वाजवली. पद्मा स्वयंपाकघरातून दचकून बाहेर आली. नायना ताईंकडे पाठ करून पेपर वाचत होते. ते वाचतच राहिले.

ताईंनी पुन्हा टाळी वाजवली, या वेळी नायनांच्या पाठीमागे हातभर अंतरावर. नायनांनी पान उलटलं. मग ताई समोर जाऊन स्टुलावर बसल्या. पदर तोंडावर धरून मोठ्यानं म्हणाल्या, "काका, चहा घेतला का?" नायना नुसतेच बघत राहिले. ताईंनी पदर खाली घेतला आणि तोच प्रश्न विचारला, पण फक्त ओठ हलवून. आवाज अजिबात नाही. आम्हा कुणाला काही ऐकू आलं नाही.

"घेतला की," नायना म्हणाले. "तुम्ही घ्या."

 तरी मी हेका सोडला नाही. म्हटलं, "अहो ताई, येतं त्यांना ऐकू. आम्ही रोज बोलतो."

"बोलता की. कुटं बघून बोलता?"

माझ्या हातात मोबाइल होता. तो कुठं ठेवू ते मला कळेना.

"मागावरची माणसं व्हटांवरचं वाचत्यात, भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्या खटखटात दुसरं करणार काय? ह्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं असंच हाय. समोर बघून बोललं की कळतं, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत न्हाय. माझा पेट्यांचा धंदा, मला रोज दिसतं." खरंच, आमच्या भागात जन्मल्यापासून सगळेच ओरडून बोलतात. कोण बहिरं आणि कोण नुसतं ओरडतंय, हे बघायला कुणाला सुचलंच नव्हतं.

मग त्यांनी माझी यादी काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आमचं बजेट लिहिलं. सगळ्यात वर, कानाचे डॉक्टर. त्याखाली, कानाचं मशीन, तीस हजार. त्याखाली, तीन पेट्या. "दोन साध्या चालतील. मधली तेवढी चांगली घ्या, पिक्चरमधलं बोलणं मधल्या पेटीतनं येतं." मोठ्या खोक्यावर काट मारली. मी विचारलं, "मग ताई, तुम्हाला काय उरलं यात?" त्या म्हणाल्या, "टाइल्सला काय उरतंय ते बघा आधी. वैनी कवाच्या बघायल्यात माझ्याकडं."

मशीन लावून नायनांना घरी आणलं तेव्हा ते दारातच थबकले. वर बघून म्हणाले, "हा पंखा एवढा वाजतो?" मग खुर्चीवर बसले. मी समोर बसलो. मोबाइल आत ठेवून आलो होतो.

"श्रीनू," ते म्हणाले, "मला वाटायचं, तूच बोलायचं बंद केलंस. मान खाली घालून जायचास. म्हटलं, माग गेले, आता म्हाताऱ्याचा कंटाळा आला असेल. म्हणून मीपण गप्प बसलो."

मी रडलो. बायकोसमोर, चांगला हुंदके देऊन रडलो. दोन माणसं एका हॉलमध्ये बसून वर्षानुवर्षं दुसरा आपल्यावर रागावलाय असं समजत होती, आणि राग कुणालाच आलेला नव्हता.

पुढच्या रविवारी ताई पेट्या बसवायला आल्या. मोकळ्या भिंतीचं काय करायचं, विचारलं तर म्हणाल्या, "सोलापुरात राहून विचारता व्हय? चादर लावा." नायनांनी ट्रंकेतून आपल्या मागावरच्या शेवटच्या दोन चादरी काढल्या. एक आमच्या भिंतीवर गेली. ताईंनी टाळी वाजवली, ती परत आली नाही. सिनेमा लावताना मी पंखा बंद करायला गेलो तर ओरडल्या, "चालू ऱ्हाऊ द्या! मे महिन्यात पंखा बंद करून पिक्चर बघणार हाय का तुमी?" मग नायनांकडे वळून, "काका, कळतंय का बोलणं?" नायना म्हणाले, "कळतंय. पण कथा फालतू आहे." ताई हसून हसून खालीच बसल्या.

दुसरी चादर नायनांनी स्वतः नेऊन ताईंच्या दुकानात लावली. तेव्हापासून रोज चारला ते तिथं जायचे. दुरुस्त केलेली कुठलीही पेटी नायनांच्या कानावरून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाला मिळत नसे. "डॉक्टरनं पास केलेला कान हाय," ताई सांगायच्या. "लई कडक."

या उन्हाळ्यात ताई गेल्या. दुपारी दुकानातच छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्यांची मुलगी पुण्यात नर्स आहे. महिन्याभरानं ती दुकान रिकामं करायला आली, तेव्हा मी आणि नायना गेलो. फळ्या गेल्या होत्या, पेट्या गेल्या होत्या. मुलीनं भिंतीवरची चादर उतरवली, घडी घातली आणि नायनांच्या हातात दिली. "आई म्हणायची, ही काकांची. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

नायनांनी चादर माझ्याकडे दिली. चप्पल काढून आत गेले, दुकानाच्या मधोमध उभे राहिले आणि एकच टाळी वाजवली. मान तिरकी केली. टाळी चारही भिंतींवरून स्वच्छ परत आली.

"ऐकू आली रे," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले.