रानात लाईट कोण मारतंय

हरभऱ्यावरचं दव आंबट असतं. त्याला आमच्याकडं आंब म्हणतात. पोटदुखीवर औषध म्हणून आई रात्री पिकावर धुतलेलं धोतर पसरायची आणि तांबडं फुटताना ते पिळून बाटली भरायची. त्या हिवाळ्यात मी तिला म्हटलं, "एक ओळ उघडी ठेव. मला थेंब पाहिजेत."

"तुझ्या फोटूनं कुणाचं पोट दुखायचं थांबतंय व्हय?" म्हणाली, पण ठेवली.

मी घरातली पहिली पदवीधर. बीएस्सी, तीही पहिल्या वर्गात. हे सांगायला मी लाजत नाही. पण पदवी झाली आणि घरात एकच काम सुरू झालं, माझ्यासाठी स्थळ बघायचं. बाहेर पडायला ती पहाट तेवढी उरली. आई धारा काढायला घरी परतायची, मी मागं थांबायचे. शिकवण्या घेऊन जुना कॅमेरा आणि फ्लॅश घेतला होता. वाऱ्यानं थेंब सारखा हलतो, त्यात उजेड कमी. फ्लॅश मारला की जागच्या जागी थिजतो. उजेड भगभगीत पडू नये म्हणून फ्लॅशच्या तोंडाला लग्नपत्रिकेतला पातळ कागद चिकटवायचे. पत्रिकांना घरात तोटा नव्हता.

एक दिवस चुलते आले आणि दारातूनच माझ्या वडलांना, अण्णांना म्हणाले, "पोरगी रानात लाईट मारती. समोरनं कोण मारतंय, ते बघा जरा."

अण्णांनी मला पुढ्यात बसवलं. मी कॅमेराच त्यांच्या हातात दिला. ते एकेक फोटो मोठा करून बघू लागले. एका थेंबात पांढरा ठिपका होता, त्याच्याखाली काळी आकृती.

"हे कोण?"

"मी. वाकलेली."

"आन् हा लाईट?"

"माझाच. समोर कुणीच न्हाय, अण्णा."

त्यांनी सगळे फोटो बघितले. सगळ्यांत मीच होते, मोहरीएवढी, त्या गोलात वाकून बसलेली. इतके दिवस माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

"पटलं," ते म्हणाले. मग उठून कॅमेरा कपाटात ठेवला आणि किल्ली लावली. "मला पटलं गं. पर गावात घरोघर जाऊन थेंब दाखवू का म्या? रविवारी पाहुणे यायचेत. तवर रानात जायाचं न्हाय."

"आणि पाहुणे येऊन गेल्यावर?"

"ते मग तिकडच्यांना विचारायचं."

पाहुणे आले, पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले. त्यांच्या कळवण्याची वाट बघता बघता हरभरा काढून झाला.