जरासं राहिलंय

माझ्या धाकट्या भावाला सगळे ‘जरासं’ म्हणतात. चष्म्याच्या दुकानात तो काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, याचं उत्तर ठरलेलं, ‘जरासं राहिलंय.’ मग काच उजेडात धरणार, पुन्हा घासणार. घरी साधा खिळा ठोकायला घेतला तरी भिंतीची चाळण होते. त्याची बायको म्हणते, ‘हे लग्नाला हो म्हणाले, तेवढंच काय ते एका फटक्यात.’

गेल्या महिन्यात त्याने एचडीआरचा, म्हणजे ऊन-सावली खरीखुरी दाखवणारा, नवा मॉनिटर आणला आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप केला. कशासाठी, तर आईच्या शेवटच्या व्हिडिओसाठी. ती जायच्या आठवडाभर आधी त्याने तो फोनवर काढला होता. मी तेव्हा परगावी होते; पोचले तोवर सगळं संपलं होतं. मला फक्त आईचा आवाज ऐकायचा होता. पण हा तो व्हिडिओ पुरता दाखवेल तर शपथ! ‘ताई, आधी उजेड नीट होऊ दे.’

शेवटी एका रविवारी दुपारी मी त्याच्या खोलीत ठिय्याच दिला.

व्हिडिओत आई खिडकीपाशी बसली आहे. पाठीमागे रखरखीत ऊन. तिचे पांढरे केस आणि खिडकी एक होऊन जातात. ‘स्क्रीन जास्तीत जास्त किती उजळू शकते, तो आकडा कॉम्प्युटरला सांगावा लागतो,’ तो मला समजावायला लागला. ‘झेपेल त्याहून जास्त सांगितला की सगळं पांढरंफटक. कमी सांगितला की ऊन मळकट.’ त्यासाठी स्क्रीनवर एक पांढरा चौकोन येतो, त्यात फिकट नक्षी. आकडा वाढवत जायचं आणि नक्षी दिसेनाशी झाली की थांबायचं. पण हा थांबेल तर ना! थोडं पुढे, थोडं मागे. मध्येच उठून दिवा लावला, मग मालवला. खुर्ची पुढे घेतली, मागे ढकलली. व्हिडिओ लावायचा आणि आईने तोंड उघडलं की बंद करायचा. त्यातही आवाज नाहीच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

‘केस दिसले बघ आता,’ तो म्हणाला.

‘दिसले ना? मग लाव पुढे.’

‘जरासं राहिलंय.’

मी माउस हिसकावला आणि आवाज वाढवला. ‘ताई, नको!’ तो ओरडला. मला वाटलं, याची नेहमीची नाटकं.

आई बोलली. तोच घोगरा, लटका चिडलेला आवाज. माझे डोळे भरून आले.

‘ठेव रे ते. कधीचा उजेडच बघतोयस. जरा बस ना माझ्याजवळ.’

फोनच्या मागून याचा आवाज आला. ‘थांब गं आई, जरासं राहिलंय.’

आई हसली, बाहेर बघायला लागली, आणि व्हिडिओ संपला.

‘मग बसलास?’ मी विचारलं.

‘दुकानातून फोन आला,’ तो म्हणाला. ‘गेलो.’

खोलीत नुसता कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. ‘खिडकी अजून जास्तच पांढरी दिसतेय,’ असं काहीतरी तो पुटपुटला. मी माउस त्याच्याकडे सरकवला आणि खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.