रूथबाईच्या ओव्या आता कोण वाचणार

रूथबाई मेली आन् माझा देव मुका झाला.

मी सांगून राहिले, नात टाइप करून राहिली. मला अक्षर येत न्हाई. चुकलं तर तिचं, रडू आलं तर माझं.

रूथबाई म्हंजे दवाखान्यातली रिटायर नर्स. हदगावात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. ती ख्रिस्ती, मी माहूरच्या रेणुकेची.

माझ्या पोराला, दिगंबरला ट्रकनं उडवलं तवा सगळे म्हणले, नशीब.
ही काहीच म्हणली न्हाई. तिच्या आजीचं ख्रिस्ती ओव्यांचं जुनं पुस्तक घेऊन माझ्या उंबऱ्यात बसली.

त्यात एक आई होती. पोरगा वर क्रुसावर, ही खाली उभी. हात पुरंना.

"रूथे, कोणी लिव्हलं गं हे?"
"लई जुनं हाय. लिहिणारा कवाच गेला."
"बाप्या होता?"
"हाव."
"मंग त्याला कसं कळलं?"

ती चष्मा पुसत राहिली.

तवापासून रोज दुपारी ती वाचायची, मी मागून जात्याच्या चालीवर म्हणायची.

"काशे, प्रार्थना हाय ती. दळण न्हाई!"
"मंग तुझ्या येशूच्या आईनं काय मिक्सर लावला होता का?"

पण त्या आईपाशी मला रडता यायचं. घरात कोणी रडू देत न्हाई. बीपी वाढतो म्हणतात.

परवा रूथबाईला माती दिली. आज तिसरा दिवस.
आमच्यात तिसऱ्याला राख सावडतात. मी आपली तांब्या-टोपलं घेऊन कब्रस्तानात गेले.
तिथं ध्यानात आलं, हिला जाळलंच न्हाई. राख कुठली?

हस, रूथे. हसून घे.

मंग तिनं वाचलेलं आठवलं. येशूच्या तिसऱ्या दिवशीबी बायकाच गेल्या होत्या, सुगंधी तेल घेऊन. थडग्यावरचा दगड सरकलेला. आत कोणीच न्हाई.

मी लई वेळ उभी राहिले.
तुझ्यावरची माती हलली न्हाई.

घरी आल्यावर नातीनं तेच पुस्तक वाचून दाखवलं. चांगलं वाचती, पण बातम्यावानी. ती आई कुठंच न्हवती. मी म्हणलं, राहू दे बाई, मिटव.

मला एकबी ओवी पुरी पाठ न्हाई. वाटलं, तू हायेस की.

जा आता.
दिगंबर भेटला तर दोन घास वाढ त्याला.
न्हाईच भेटला, तर मला कळवू नकोस.

हात जोडते, रूथबाई.