‘सिरियस आहे, निघून ये’

नव्वदच्या दशकात मी नर्सिंग शिकले, तेव्हा पहिली शिकवण होती ती तोंड बंद ठेवण्याची. भाजीबाजारात पेशंटचा कुणी नातेवाईक भेटला आणि विचारू लागला, तर ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणायचं आणि मेथीची जुडी पिशवीत टाकून पुढे व्हायचं. माणूस गेल्याचं बाहेरगावी कळवणं तर आमचं कामच नव्हतं. ते घरचे कळवत, आणि तेही सरळ नाही. ‘सिरियस आहे, निघून ये’ एवढंच. येणारा एकटा असतो, वाटेत त्याचं काही बरंवाईट व्हायला नको. तो पोचला की त्याला हातपाय धुवायला लावायचे, दोन घास खाऊ घालायचे, मग सांगायचं. एकदा कळलं की अन्न कुठलं जातंय! मला ही लपवाछपवी तेव्हा मुळीच आवडायची नाही.

पुढे दोन हजारनंतर ती मित्र जोडायची साइट आली. मी नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूची इन्चार्ज होते. ड्यूटी संपली की माझ्या पोरी युनिफॉर्म बदलून थेट समोरच्या सायबर कॅफेत. पेशंटच्या घरच्यांना तिथे फ्रेंड करू नका, म्हणून मी रोज डोकेफोड करायचे. त्यातली एक सगळ्यांत मायाळू आणि तेवढीच फाटक्या तोंडाची. ती म्हणाली, “मॅडम, असं कुठं लिहिलंय का?” खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा निफाडकडची एक बाई किडन्या निकामी होऊन आमच्याकडे होती. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला. बाहेरच्या बाकावर तिचा भाऊ बसून असायचा. मुलगा रविवारी येऊन जायचा आणि एरवी आमच्या या पोरीला त्या साइटवर विचारायचा, आज आई कशी आहे? ती त्याच्या पानावर लिहायची, ‘आज थोडी पेज घेतली’, ‘तुमची आठवण काढत होत्या’. मला ते पटत नव्हतं, पण त्या मुलाला तेवढाच आधार होता हेही दिसत होतं.

एका दुपारी ती बाई गेली. भावानं भाच्याला फोन केला, “सिरियस हाय, निघून ये.” मग माझ्यासमोर येऊन हात जोडले. “सिस्टर, पोरगं एकटं येतंय बसनं. त्याला कोणी काय बोलू नका. आधी चार घास खाऊ द्या, मग मी सांगतो.”

मी मान हलवली आणि आत वळले, तर ड्यूटी संपवून गेलेली ती पोरगी कॅफेतून परत आलेली. डोळे रडून लाल. “मॅडम, मी त्यांना लिहिलं, काकूंच्या आत्म्याला शांती लाभो म्हणून.” तिला वाटलं, घरून कळवलंच असणार.

भावानं काय विनवलंय ते मी तिला सांगितलं. तिला तशीच कॅफेत पिटाळली. तिनं लिहिलेलं काढून टाकलं. पण त्यानं निघण्याआधी वाचलं होतं की नाही, हे कसं कळणार? बस आता नारायणगावला असेल, आता सिन्नरला, असं करत आम्ही दोघी थांबलो. तिलाही घरी जाववेना.

दिवेलागणीला तो आला. “मामा, कशी आहे?”

“हाय तशीच. आत सोडायला वेळ हाय. हातपाय धू, जेवून घे.”

बाकावर मामानं डबा उघडला. भाकरी आणि वांग्याची भाजी. मुलानं पहिला तुकडा मोडून मामाच्या हातात दिला, “तू पण घे.” दोघंही जेवले. मुलगा अगदी सावकाश, भाकरी संपेपर्यंत जेवला. पोरीनं माझा दंड धरला. “वाचलं नाही त्यांनी.” मलाही तसंच वाटलं.

मग मामानं सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःच कोसळला. मुलगा त्याची पाठ चोळत राहिला.

मामा अ‍ॅम्ब्युलन्सचं बघायला खाली गेला, तेव्हा मुलगा सह्या करायला माझ्या टेबलाशी आला. “सिस्टर, मला लिहिणाऱ्या त्या सिस्टरना रागावू नका. मला ऑफिसातून निघतानाच कळलं होतं.”

मी विचारलं, “मग जेवलात कसे हो?”

“मामा सकाळपासून उपाशी असणार, माहीत होतं. आणि त्याला माझ्यासाठी आता तेवढंच करता येत होतं.” सही करताना त्यानं खालमानेनंच सांगितलं, “बसमध्ये शेजारचे आजोबा सारखं विचारत होते, कुठे निघालात? मी सांगत होतो, आई आजारी आहे, भेटायला चाललोय.”

ती पोरगी फाइल घेऊन माझ्या मागेच उभी होती.