भित्र्या सिस्टरमावशी

सिस्टरमावशींइतकी भित्री बाई मी पाहिली नाही. लिफ्टची भीती, पालीची भीती, पोलिसांची गाडी नुसती दिसली तरी भीती. बडोद्याच्या हरणी भागातल्या आमच्या सोसायटीत त्या एकट्याच, भाड्याने राहत. मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. सगळी नोकरी इथेच नर्स म्हणून झाली, म्हणून सगळे त्यांना सिस्टरमावशीच म्हणत. देवावर एवढा विश्वास आणि तरी घाबरता, असं आईने एकदा हसत विचारलं. त्या म्हणाल्या, "घाबरते म्हणून तर प्रार्थना करते, वहिनी. धीट असते तर त्याला रोज कशाला त्रास दिला असता?"

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबांना कुठल्याच इस्पितळात खाट मिळेना. मामांनी कुठूनसा ऑक्सिजनचा सिलिंडर आणून दिला, पण तो लावायचा कसा? शेजारी दारंही उघडत नव्हते. सिस्टरमावशी चार मजले जिना चढून आल्या. त्यांनी नळी नीट बसवली. मग त्या सकाळ-संध्याकाळ येत राहिल्या. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा आधी स्वतः बघत आणि चेहरा सावरून मग आम्हाला सांगत. आम्ही आकड्यापेक्षा तो चेहराच बघायचो.

सहाव्या दिवशी आकडा फार उतरला आणि आई रडू लागली. तेव्हा मावशींनी पहिल्यांदा विचारलं, "वहिनी, येशूशी दोन शब्द बोलू का? तुम्ही तुमचा जप चालू ठेवा." आई हो म्हणाली.

बाबा वाचले नाहीत. ते गेले तेव्हा मावशी आईला धरून जमिनीवर बसल्या होत्या. "असं का झालं, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण तो रडणाऱ्याजवळ असतो, एवढं माहीत आहे." पुढे आई दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागली. आणखी दोघी-तिघी यायच्या, सगळ्या घरचं कुणीतरी गमावलेल्या.

दोनेक वर्षांनी कुजबुज सुरू झाली, की या बाई लोकांना बाटवतात. सेक्रेटरींनी सभा बोलावली. मी शाळेत शिक्षिका. आपलं नाव कुठे यायला नको म्हणून मी आईला घरीच थांब म्हणून विनवलं. तिने ऐकलं नाही. निदान तिला सांभाळायला म्हणून मीही गेले.

मावशींपुढे कागद ठेवला गेला. यापुढे कुणापाशी धर्माचं बोलणार नाही, असं लिहून द्यायचं, नाहीतर पोलिसांत तक्रार. पोलिसांचं नाव ऐकून त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या,

"घरी कुणाला जमवू नका म्हणालात तर नाही जमवणार. पण कुणी दुःखात मला विचारलं तर मी गप्प बसेन, असं कसं लिहू? ते खोटं होईल."

आई उठली. माझ्या देव्हाऱ्यातला एकही देव हललेला नाही, या बाईंनी मला फक्त जगायला लावलं, असं तिने सगळ्यांना गुजरातीत सांगितलं. मी उठले नाही.

तक्रार झाली नाही, पण घरमालकाने जागा सोडायला सांगितली. मावशी बडोद्याजवळच्या पादरा गावी बहिणीकडे राहायला गेल्या. आई अजून रविवारी बसने तिकडे जाते, आणि ती परतेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

गेल्या रविवारी मीच तिला स्कूटरवरून घेऊन गेले. चहा झाल्यावर मावशींना सांगून टाकलं, की सभेत मी दाराजवळची खुर्ची धरली होती, वेळ आली तर पटकन निघून जाता यावं म्हणून.

त्यांनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला.

"पण उठून गेली नाहीस ना," त्या म्हणाल्या.