वरच्या वाडीची मुलगी

राजश्रीने चहाचं आधण ठेवलं होतं तेवढ्यात फोन वाजला. पहाटेचे साडेपाच. पलीकडून वरच्या वाडीतल्या गंगुबाई बोलत होत्या. "बाय, पोरगी दूध ओढीत न्हाय. निपचित पडलीय," एवढं बोलणं झालं आणि फोन तुटला. परत लावला तर लागेना.

खेड तालुक्यातल्या त्या डोंगराळ गावात राजश्री चौदा वर्षं आशा सेविका होती. गंगुबाईंची सून स्नेहल आठवड्यापूर्वी बाळंत झाली होती, दिवस भरायच्या आधीच. मुलगी दोन किलोचीही नव्हती. परवाच दवाखान्यातून घरी आणली, आणि परवापासूनच हाडं गोठवणारी थंडी पडली होती.

तिने गॅस बंद केला, थर्मामीटर आणि लोकरीची टोपी पिशवीत टाकली आणि निघाली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. सव्वा तासाची चढण.

धुक्यात चार पावलांपुढचं दिसत नव्हतं. गवतावरच्या दवाने साडीचा काठ भिजून पोटऱ्यांना चिकटला. सड्यावर आल्यावर, त्या उघड्या कातळावर, वारा कानांत घुसला. बोटं बधिर झाली. पण तिचं लक्ष त्यात नव्हतं. तीन हिवाळ्यांपूर्वी असाच एक निरोप आला होता आणि ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. त्या घरच्यांनी कधी बोल लावला नाही. तीच अजून त्यांच्या दारावरून जाताना खाली बघते. ते आठवलं आणि ती पळत सुटली. दोनदा ठेचकाळली. पाऊण तासात वाडीत पोचली, ती घामाघूम होऊन.

गंगुबाई बाळाला पंच्यात गुंडाळत होत्या. "कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. म्हटलं, ऊब येईल."

राजश्रीने ओलसर पंचा बाजूला सारला; न्हाणं झालं की एवढंसं अंग उलट गार पडतं. तिने बाळाचे तळपाय धरले. गार, ओल्या दगडासारखे. काखेतल्या थर्मामीटरने पंच्याण्णव दाखवलं. अठ्ठ्याण्णवच्या आसपास हवं होतं.

"स्नेहल, तू छातीशी घे हिला," म्हणत तिने सुनेच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं. स्नेहल स्वतःच कुडकुडत होती. गंगुबाईंचे हात पाण्याने बर्फ झालेले. घरात तिसरं कुणी नव्हतं.

राजश्रीने स्वेटर काढला, घाम पुसून अंग कोरडं केलं, ब्लाउजची बटणं सोडली आणि टोपी घातलेलं ते उघडं बाळ आपल्या छातीवर पालथं ठेवलं. वरून स्वेटर, त्यावर गोधडी. चढणीने तिचं अंग चांगलं तापलं होतं.

"शेगडी आणू?" गंगुबाईंनी विचारलं.

"धूर नको. तुम्ही घरामागे जाऊन बघा, रेंज मिळाली तर गाडी खाली रस्त्यावर बोलवा. आणि शेजारच्यांना सांगा, सुनेला खुर्चीत बसवून खाली न्यावं लागेल."

स्नेहलने वाटीत थोडं दूध पिळून दिलं. राजश्री चमच्याने थेंब थेंब ओठांना लावत राहिली. पहिले थेंब ओघळून गेले. बाळाचा श्वास तिला जेमतेम जाणवत होता. मध्येच थांबल्यासारखा वाटे आणि ती स्वतःचाही श्वास रोखून धरी.

"ताई, जगेल ना?" स्नेहलने विचारलं.

"बोलू नकोस. दूध काढ."

अर्ध्या तासाने सत्त्याण्णव झालं. आणखी थोड्या वेळाने बाळाने चमच्यावर जीभ फिरवली आणि बारीक आवाजात रडायला लागलं. स्नेहलही रडू लागली.

तशीच बाळाला पोटाशी बांधून राजश्री डोंगर उतरली. मागून दोघा शेजाऱ्यांनी स्नेहलला खुर्चीतून आणलं. खाली रस्त्यावर गाडी येऊन थांबली होती. दवाखान्यात मायलेकी बारा दिवस होत्या. मग सुखरूप घरी आल्या.

मुलीचं नाव सानवी. आता ती अंगणात धावते. राजश्री दिसली की मात्र आजीच्या पदराआड लपते. लसीच्या दिवशी न्यायला येते ती हीच बाई, हे तिला पक्कं ठाऊक झालंय.