उम्म फवाजने पुसलेली फरशी

कफ्र नाहिलमध्ये पाया खणताना जुनं काही लागलं की वर माती लोटायची, सिमेंट ओतायचं आणि तोंडाला कुलूप घालायचं. मशिदीमागच्या निम्म्या घरांखाली कुणाकुणाचे खांब नि हौद गाडलेले आहेत. साऱ्या गावाला ठाऊक, आणि फवाजच्या आईला, उम्म फवाजलाही. तरी तिने घोळ घातलाच.

फवाजच्या लग्नासाठी अंगणात वेगळी खोली हवी होती. त्याशिवाय अबू रदवान आपली मुलगी नांदायला पाठवणार नव्हता. पायाचा बकरा कापायचा होता, गाव जेवायला येणार होतं, आणि त्याच सकाळी खड्ड्यात रंगीत खड्यांची फरशी लागली. द्राक्षांचे वेल, मधे मोर, वर चिखलाचा थर. पाहुणे दारात आणि फरशी अशी घाणेरडी? बाईला राहवेना. तिने बादली ओतली, फडकं घेतलं आणि खसाखसा पुसून काढली. रंग असे उजळले की जेवायला आलेला प्रत्येक जण मोबाइल काढून उभा. संध्याकाळी पुरातत्त्व खात्याची गाडी आली, मागोमाग खड्ड्याभोवती काटेरी तार, आणि खोलीचं काम बंद.

"आई, पुसलीस कशाला गं?" फवाजने कपाळावर हात मारला.

"मग काय लोकांना मळकी दाखवू?"

"दाखवायचीच नव्हती!"

तिने फडकं पिळून तारेवर वाळत घातलं. तेव्हापासून खात्याचे लोक दर उन्हाळ्यात यायचे, ब्रश फिरवायचे, तिचा चहा प्यायचे आणि "वरून हुकूम येऊ दे" म्हणून जायचे. बाईचा जीव नुसता मेटाकुटीला आला होता. शेवटी अबू रदवान स्वतः आला आणि साखरपुड्याचं सोनं परत आणून ओट्यावर ठेवून म्हणाला, "आता त्या मोरांनाच नांदवा."

त्याच आठवड्यात खात्याच्या साहेबाने तिला तारेपाशी हाक मारली. फरशीवर एक ओबडधोबड जुनी भिंत आडवी उघडी पडली होती. तिच्याखाली एका मोराची मान चिरडली होती.

"बघा काकी, हजार वर्षांपूर्वीचा कुणी अडाणी!" साहेब हळहळला. "एवढ्या सुंदर फरशीवर भिंत घातली. काय म्हणावं अशा माणसाला?"

उम्म फवाजने तारेवरून वाकून ती भिंत पाहिली. तिला त्या मेलेल्या माणसाचा भयंकर हेवा वाटला.

"त्याच्या पोराचं लग्न तरी झालं असेल," ती म्हणाली, आणि तारेवर वाळत घातलेलं फडकं ओढून घरात गेली.